कॅमेरा एकाएकी बंद पडला तर

लग्नाच्या मांडवात अंतरपाट दूर होतो. नवरी हार घालायला हात वर करते. फोटो काढणारा बोट दाबतो, आणि नेमका त्याच घडीला कॅमेरा मिटतो. परत चालू केला तर क्षणभर उजेड येतो नि जातो. मग जो तो म्हणतो, "गेला कॅमेरा! काढलेले फोटोही गेले!"

मंडळी, तसे नसते. काढलेले फोटो नखाएवढ्या कार्डात साठवलेले असतात. ते सांभाळायला कार्डाला वीज लागत नाही. दिवा विझला म्हणून वहीतले अक्षर पुसले जाते काय? मात्र फोटो कार्डात उतरत असतो तेव्हा पुष्कळ कॅमेऱ्यांवर एक बारीक दिवा लुकलुकतो. तेवढा वेळ कार्ड किंवा बॅटरी ओढून काढू नये. त्याने फोटो खरेच बिघडतात.

आता वीज का गेली ते पाहू. बॅटरी म्हणजे इथे अंधारात न्यायची विजेरी नव्हे, बरे का. कॅमेऱ्याच्या पोटात वीज पुरवणारी वडी असते, ती बॅटरी. काही कॅमेऱ्यांत वडीऐवजी पेन्सिल सेल असतात.

पहिल्याने बॅटरीचे झाकण बघावे. ते नीट बसले नाही तर पुष्कळ कॅमेरे चालतच नाहीत. झाकणाची खिटी झिजली असली, तर हात हलला तरी कॅमेरा बंद पडतो. दुकानदार नवा कॅमेरा दाखवू लागेल, त्याआधी ही खिटी आपण पाहिलेली बरी! आतल्या धातूच्या पट्ट्यांवर घाम नि धूळ बसते. ती कोरड्या सुती फडक्याने पुसावी. पाणी लावू नये.

सेलची गोष्ट मोठी गमतीची आहे. कॅमेऱ्यात बंद पडलेला सेल भिंतीवरच्या घड्याळात घाला, ते खुशाल टिकटिक करते! कारण घड्याळाला वीज थेंबथेंब लागते. कॅमेऱ्याला फ्लॅश मारायला ती एकदम भरपूर लागते. थकलेल्या सेलला तेवढी देता येत नाही, म्हणून कॅमेरा मिटतो. एक नवा आणि एक जुना सेल कधी जोडू नये. साध्या सेलवर १.५ व्होल्ट लिहिलेले असते, पुन्हापुन्हा चार्ज करायच्या सेलवर १.२. आकडा लहान म्हणून तो सेल दुबळा समजू नका. एकदम वीज देण्यात तोच टिकाव धरतो.

वडी जुनी झाली की पडद्यावर भरलेली दिसते, आणि दहा-वीस फोटोंत रिकामी होते. ती बदलावी. वडी फुगली असेल तर तिला चार्जरला मुळीच लावू नये. टोचू नये, चुलीत टाकू नये. ती पेट घेते. कडक थंडीत चांगली वडीही दमते. थोडा वेळ आतल्या खिशात उबेला ठेवली की पुन्हा चालते.

चांगली, भरलेली वडी घालूनही कॅमेरा मिटत असेल, तर दोष आत आहे. पण घरी स्क्रू काढू नका. फ्लॅशसाठी आत सुमारे ३०० व्होल्ट वीज साठते, आणि बॅटरी काढल्यावरही ती काही काळ राहते. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची! म्हणून कॅमेरा जाणत्या कारागिराकडे न्यावा. नेताना फोटोंचे कार्ड मात्र काढून घरी ठेवावे.