विमानामागचे भोवरे

गेल्या दिवाळीत, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, आम्ही उभयता नागपूरहून विमानाने मुंबईस येत होतो. खाली दिव्यांचा सडा पडला होता. चाके बाहेर आल्याची घरघर ऐकू आली, आणि एवढ्यात विमानाने नाक वर करून पुन्हा आकाशाचा रस्ता धरला! ‘पुढचे विमान जवळ असल्याने आपण आणखी एक फेरी घेत आहोत,’ असे वैमानिकाने सांगितले. उतरायला वीस मिनिटे उशीर झाला. “खाली बसलेल्या कुणाला तरी डुलकी लागली असेल,” असे मी फणकाऱ्याने म्हणालो आणि तेच वाक्य भाऊबीजेला बहिणीच्या घरी पुन्हा उच्चारले.

माझा भाचा हवाई वाहतूक नियंत्रक आहे, हे त्या वेळी माझ्या ध्यानातच राहिले नाही!

तो रागावला नाही. जेवणे आटोपल्यावर मला गॅलरीत घेऊन गेला. “मामा, तुम्ही भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचने जाता ना? मोठी लाँच पुढून गेली, की मागच्या लहान होडीचे काय होते?”

“हेलकावे खाते.”

“विमानाचेही तसेच. फक्त या लाटा दिसत नाहीत.”

मग त्याने मला जे समजावले ते असे. विमान उडत असताना पंखाखाली हवेचा दाब जास्त असतो आणि पंखावर कमी. म्हणून तर ते तरंगते. परंतु पंखाच्या टोकाशी खालची हवा वळसा घालून वर धावते आणि गरगर फिरू लागते. दोन टोकांमागे असे दोन भोवरे, एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे, लांबवर पसरत जातात. विमान जितके जड आणि जितके सावकाश, तितका त्यांचा जोर अधिक. हे भोवरे मिनिटाला काहीशे फूट या गतीने खाली सरकतात. जोराच्या वाऱ्यात लवकर मोडतात. शांत हवेत मात्र बराच वेळ रेंगाळतात. आपल्याला जी संध्याकाळ निवांत वाटते, तीच नियंत्रकाला अधिक जपण्याची!

या भोवऱ्यांची किंमत माणसांनी प्राण देऊन जाणली आहे. ३० मे १९७२ रोजी अमेरिकेत, टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे, एक डीसी-९ विमान सरावासाठी उतरत होते. त्याच्या पुढे अवाढव्य डीसी-१० होते. अंतर दोन मैलांच्या आसपास. मनोऱ्यावरून सावधगिरीची सूचना मिळाली होती. परंतु धोका केवढा, हे वैमानिकांना कळावे कसे? धावपट्टी अगदी हाताशी आली असताना विमान डोलू लागले, उजवीकडे कलंडले आणि पंख जमिनीला घासून कोसळले. आतील चौघेही गेले. त्यानंतर मोठ्या जेट विमानांमागे ठेवायच्या अंतराचे नियम अधिक कडक झाले.

तरी सारे उमगले नव्हते. १९९३ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियात सँटा ॲना येथे बोइंग ७५७ च्या मागून येणारे एक लहान जेट असेच उलटले आणि पाच जण दगावले. ७५७ चे वजन तेव्हाच्या ‘जड’ वर्गाच्या मर्यादेत बसत नव्हते. म्हणून कागदोपत्री ते मध्यम, आणि भोवरा मात्र दांडगा! पुढे त्या विमानासाठी वेगळे अंतर ठरवावे लागले.

आंतरराष्ट्रीय नियमांच्या रूढ वर्गवारीत १३६ टन किंवा अधिक वजनाचे विमान ‘जड’, ७ टनांपर्यंतचे ‘हलके’, आणि मधले ‘मध्यम’. उतरताना जड विमानामागे दुसरे जड असेल, तर ४ सागरी मैल. मध्यम असेल, तर ५. हलके असेल, तर ६. पाच सागरी मैल म्हणजे सुमारे सव्वानऊ किलोमीटर.

“एवढे?” मी विचारले.

“मामा, उतरणाऱ्या विमानाला ते कापायला दोनच मिनिटे लागतात!”

आणि ही दोन मिनिटेच त्याची परीक्षा असते. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून साधारणतः एका वेळी एकच वापरता येते. अंतर जास्त ठेवले, तर मागे रांग वाढते, इंधन जळते, प्रवासी चडफडतात. कमी ठेवले, तर... लंडनच्या हीथ्रो विमानतळावर २०१५ पासून मैलांऐवजी वेळेने अंतर मोजण्याची पद्धत आली. समोरच्या जोरदार वाऱ्यात विमाने जमिनीच्या हिशेबाने मंदावतात, म्हणून कमी मैलांतही तेवढाच वेळ मिळतो. परंतु अंतर राखावे लागतेच.

“त्या दिवशी तुमच्या विमानाचे नेमके काय झाले, ते मला ठाऊक नाही,” भाचा म्हणाला. “पण अंतर कमी होताना दिसले, तर मीसुद्धा वरच पाठवले असते. आमचे काम नीट झाले, की काहीच घडत नाही, मामा. मग कुणाला कळणार?”

मी काही बोललो नाही. खाली अंगणात नातवंडे भुईचक्र लावीत होती. धाकट्याला त्याची आई मागे ओढीत होती. तो रडत होता, आणि ती त्याचे काही एक ऐकत नव्हती.