पाटीचं अस्तर

दुकानाच्या पाटीवरची जाड, उठावाची अक्षरं लांबून लाकडाची किंवा पत्र्याची वाटतात. पुष्कळदा त्यांच्या आत नुसता फोम असतो. २०२२ च्या कायदादुरुस्तीने महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही देवनागरी पाटी सक्तीची झाली, तीही इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत. पाटी बनवणाऱ्यासाठी याचा अर्थ काने, मात्रा, उकार, रफार. म्हणजेच पॉलिशपेपर सहज पोचत नाही अशा असंख्य खाचा.

या धंद्यात तीन फोम प्रामुख्याने दिसतात आणि तिघांचे स्वभाव वेगळे. थर्माकोलमध्ये जवळजवळ अठ्ठ्याण्णव टक्के हवाच. तो हलका आणि स्वस्त, पण थिनर लागताच विरघळतो. त्यावर पाण्याचाच रंग चालतो. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसीचा फोम. त्याचं वरचं कवच टणक आणि गुळगुळीत असल्याने रंग धरत नाही, म्हणून आधी बारीक कागदाने ते खरवडावं लागतं. तिसरा युरेथेनचा. पॉलियुरेथेनचं रसायन जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये शोधलं. पाट्यांसाठीचा दाट युरेथेन फोम घनमीटरला सुमारे २४० किलो भरतो, सागवानाच्या निम्म्याहूनही कमी. त्याला रेषा नाहीत, गाठी नाहीत, तो कुजत नाही, पटाशीने कुठल्याही दिशेला कोरता येतो. उन्हात मात्र उघडा राहिला तर पिवळा पडून भुगा सुटतो. म्हणून पाठीमागची बाजूही रंगवायची.

फोम म्हणजे बंद बुडबुडे. कोरताना ते कापले जातात आणि पाव कापल्यावर दिसते तशी जाळी उघडी पडते. थेट रंग मारला तर तो या तोंडांत उतरतो आणि पृष्ठभाग खरबरीत राहतो. कडा तर सपाटीपेक्षा जास्त रंग पितात. चार हात मारले तरी रंग ही तोंडं बुजवत नाही. ते काम अस्तराचं.

युरेथेनवर पाण्यातलं, जाड थराचं अ‍ॅक्रिलिक प्रायमर चांगलं बसतं. तेलाचं अस्तर अनेकदा दिवसेंदिवस चिकट राहतं. पहिला हात भोकांत जिरतो. तो पूर्ण सुकल्यावर २२० नंबरच्या कागदाने घासायचं, धूळ पुसायची, मोठ्या खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरायची आणि पुन्हा अस्तर. असे दोन-तीन फेरे होतात. उरलेले दोष शोधायला गडद रंगाचा विरळ फवारा मारून हलकं घासतात: उंचवटे साफ होतात, खड्ड्यांत काळं उरतं. तिरप्या उजेडातही तेच दिसतं. घासताना तोंडावर मास्क हवा. ही धूळ फार बारीक असते.

पावसाळ्यात मुंबई-कोकणातल्या दमट हवेत अस्तर वरून सुकल्यासारखं दिसतं, पण आत ओलं असतं. घाई केली तर कागदावर गोळे जमतात आणि थर सोलला जातो. शेवटचा रंग पातळ थरांनी फवारतात. सनबोर्डवर गडद रंग जपून वापरावा, कारण कडक उन्हात तापून बोर्ड वाकतो.

ग्राहकाला भाव सांगितला जातो तो बहुधा अक्षराच्या इंचावर. अस्तराचे हात त्यात वेगळे दिसत नाहीत, म्हणून काटछाट तिथेच होते. नवी पाटी ताब्यात घेताना समोरून पाहू नका. अक्षराच्या कडेवरून आणि उकाराच्या पोटातून बोट फिरवा. खरखर लागली, तर किती हात वाचवले ते कळेल.