तपासणीची चिठ्ठी

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसत असे. हाक मारली तर तो पाहत नसे, शुद्धलेखनात त्याचे निम्मे शब्द गळत. त्याला मी वर्षभर हूड समजत आलो आणि तशी शिक्षाही करीत आलो. पुढे शाळेत वैद्यकीय पथक आले, तेव्हा मुलाला कमी ऐकू येते असे आढळले. तपासणीला पाच-सहा मिनिटे लागली असतील. माझ्या अज्ञानापायी त्याचे वर्ष गेले.

हे पथक येते ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून. केंद्र सरकारने २०१३ साली सुरू केलेल्या या कार्यक्रमात जन्मजात व्यंग, पोषणातील उणीव, बालपणीचे आजार आणि वाढीतील विलंब या चार गोष्टी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत शोधावयाच्या असतात. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा व सरकारी आणि अनुदानित शाळांत एकदा यावे, असा नियम आहे. पुढील उपचार, प्रसंगी शस्त्रक्रियादेखील, मोफत होतात. विनाअनुदानित शाळेतील मूल मात्र या तपासणीतून सुटते. ऐपत नसताना फी भरून इंग्रजी शाळेत मुले घालणाऱ्या पालकांना हे सहसा ठाऊक नसते.

दोष आढळला की पथक चिठ्ठी देते, आणि आमच्या सीमाभागातील खरी अडचण येथून सुरू होते. निपाणीच्या मुलाची चिठ्ठी जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे बेळगावला जाते. निपाणीकरांची नेहमीची वाट कोल्हापूरची. बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब. विडी वळणाऱ्या बाईला तेथे जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. त्यातून चिठ्ठी कानडीत असली, तर ती पत्र्याच्या पेटीत जाऊन बसते.

एका खेपेत काम होणारे असते, तर तीही गेली असती. जन्मतः वाकडे पाऊल सरळ करण्यासाठी आठवड्या-आठवड्याने प्लास्टर बदलावे लागते आणि नंतर काही वर्षे रात्री पट्टीचे बूट घालावे लागतात. बोलणे उशिरा येणाऱ्या, मान न धरणाऱ्या मुलाला महिनोन्‌महिने व्यायाम आणि शिकवण लागते. यासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे. बालरोगतज्ज्ञ, व्यायामोपचार करणारे, वाचा व श्रवण यांचे जाणकार एका छताखाली असावेत, ही त्यामागील कल्पना.

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली आपली महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरविले, आणि कर्नाटक सरकारने त्यास विरोध केला. त्या वादावर पुष्कळ छापून आले. परंतु अशा योजनांचा भर इस्पितळात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर असतो. दर आठवड्याच्या व्यायामाचा खर्च त्यात बसणे कठीण, आणि अशा मुलाच्या घराला पोखरतो तो हाच खर्च.

त्याला उपयोगी पडेल असा एक विमा आहे. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. वयाची अट नाही, विम्यापूर्वी तपासणी नाही, वारंवार घ्यावयाचे उपचारही त्यात धरले आहेत. इस्पितळ कोणतेही चालते, अर्थात कोल्हापूरचेही. मात्र पैसे आधी आपण भरावयाचे व पावत्या पाठवून नंतर मिळवावयाचे असतात, आणि हातावर पोट असणाऱ्याला ही अट जड आहे. शिवाय अपंगत्वाचा दाखला हवा आणि दरवर्षी नूतनीकरण हवे.

वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचे होऊनही चालत नसेल, तर पथकाची वाट पाहू नये. अंगणवाडीच्या बाईंना किंवा आशा कार्यकर्तीला त्याच आठवड्यात सांगावे. घरातील पेटीत जुनी चिठ्ठी असेल, तर ती त्यांच्याकडून वाचून घ्यावी.