घड्याळ नेमके काय मोजते?

ऑनलाइन प्रशिक्षणाच्या शेवटी प्रश्नमंजुषा उघडते आणि कोपऱ्यात उलटी मोजणी सुरू होते. आम्हा उर्दू माध्यमाच्या शिक्षकांपैकी अनेकजण विषय येत असूनही इथे अडखळतात. प्रश्न मराठीत वाचायचा, मनात उर्दूत उतरवायचा, मग उत्तर शोधायचे, वेळ लागतोच.

प्रशिक्षण देणाऱ्यांनी आधी ठरवावे, वेग हा त्या कामाचा भाग आहे का? टंकलेखनात आहे, पाठ-नियोजनात नाही. नसेल तर मर्यादा सैल ठेवावी. ‘मूडल’ प्रणालीत वेळ संपताच भरलेली उत्तरे आपोआप जमा होण्याची सोय आहे. एखाद्यालाच जादा वेळही देता येतो. दिव्यांगांच्या लेखी परीक्षेसाठी केंद्र सरकारच्या २०१८च्या सूचनांत तासाला किमान २० मिनिटे जादा होती. तोच विचार इथेही हवा.

आपणही ‘सुरू करा’ दाबण्याआधी वेळ किती, संधी किती, हे वाचून घ्यावे. नेट गेले तरी घड्याळ सहसा थांबत नाही. घरात एकच मोबाइल असेल, तर अम्मीला किंवा भाभीला तेवढा अर्धा तास बाकीच्यांनी निवांत द्यावा. ती वेळमर्यादा मात्र आपल्याच हातात आहे.