अजून काय घेता?

सकाळी सहा

आज पाण्याचा दिवस. जायकवाडी पन्नासेक किलोमीटरवर असली तरी आमच्या नळाला रोज पाणी नाही, मधे चार-सहा दिवसांचा खाडा ठरलेला. म्हणून घरोघरी टाक्या, पिंपं, ड्रम. डॉक्टर असलो तरी पाइप धरून मलाही उभं राहावं लागतं. बादल्या भरताना डोक्यात दवाखान्याचा हिशेब चालतो. पाइपलाइन कुठे फुटली, शेजारून गटार गेलं, की जुलाबाचे पेशंट दोन दिवसांत येतात आणि काविळीचे महिन्या-दीड महिन्यानं.

साडेनऊ

मुकुंदवाडीत माझा दवाखाना आहे. पाटीवर बीएएमएस. टेबलाच्या डाव्या खणात सितोपलादि, त्रिफळा, अडुळशाचं सिरप. उजव्या खणात पॅरासिटामॉल, अमॉक्सिसिलिन, बीपीच्या गोळ्यांची सॅम्पल्स. या उजव्या खणावरून मला अधूनमधून कोणीतरी खोचक प्रश्न विचारतं. उत्तर कायद्यात आहे. 25 नोव्हेंबर 1992च्या आदेशानं महाराष्ट्रानं आमच्यासारख्यांना आधुनिक औषधं वापरायची मुभा दिली आणि 1998 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की राज्याची परवानगी असेल तिथंच हे चालेल. परवानगी आहे म्हणून ज्ञानही आहे असं मी समजत नाही. छातीत दुखणारा माणूस मी पाच मिनिटंही ठेवून घेत नाही.

चिकलठाणा एमआयडीसीतून नाइट करून आलेला पोरगा खुर्चीत बसायच्या आत म्हणतो, "डॉक्टर, इंजेक्शन मारा." गंमत अशी, की आयुर्वेदाच्या डॉक्टरकडे लोक इंजेक्शन मागायला येतात आणि मोठ्या फिजिशियनकडे गेले की विचारतात, "आयुर्वेदिक काही नाही का?"

त्याला सुकी ढास होती. मी डावा खण उघडला. उजव्यात ब्रोमहेक्सिन आहे, पण तेही अडुळशाचंच नातवंड. अडुळशाच्या पानांत वासिसीन असतं, त्याच्या रचनेवरून ब्रोमहेक्सिन बेतलं गेलं. सर्पगंधेचंही तसंच. मुंबईच्या डॉ. रुस्तम जल वकील यांनी ती मुळी रक्तदाबाच्या पेशंटांना दिली, नोंदी ठेवल्या आणि 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. त्यानंतर जगभरच्या डॉक्टरांनी ती हातात घेतली. मुळी आपल्याकडे शतकानुशतकं होती. नोंदवही नव्हती.

साडेदहा

भजनी मंडळाचे आजोबा. पैठणच्या षष्ठीला न चुकता जाणारे, आवाज अजून खणखणीत. बीपी मात्र तीन महिने उतरायला तयार नाही. दोन गोळ्या आहेत, त्यांतली एक लघवी वाढवणारी. मीठ कमी केलंय, गोळी चुकत नाही. सूनबाई डबी उघडून मोजून दाखवते. आज पायांत गोळे येतात, गळून गेल्यासारखं होतं म्हणाले. तिसरी गोळी लिहायला पेन उचललं आणि ठेवलं.

"आजोबा, याशिवाय अजून काय घेता?"

"कायबी नाही."

"चूर्ण? काढा? कोणी सांगितलेलं एखादं पान?"

"नाही म्हनलं ना."

"आवाजासाठी काय करता?"

"त्ये व्हय? जेष्ठमध चघळतो. पर त्ये काय औषध हाय का?" कोटाच्या खिशातून पुडी निघाली. दिवसाला चार-पाच काड्या, भजनाच्या दिवशी जास्त.

माझ्या पुस्तकात ज्येष्ठमध कंठ्य आहे, आणि ते खरंही आहे. पण त्यातलं ग्लिसरायझिन शरीरातल्या एका एन्झाइमला अडवतं. मग मूत्रपिंड मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम सोडून देतं. बीपी वाढतं, पायांत गोळे येतात. लघवीची गोळीही पोटॅशियमच घालवते. दोन्ही एकाच खिशात, आणि एकमेकांची एकमेकांना खबर नाही. पोटॅशियमची तपासणी आणि ईसीजी आजच करायला सांगितला, काड्या बंद केल्या, बीपीची गोळी वाढवली नाही. त्यांचं तोंड उतरलं. "मंग आवाजाला काय करू?" मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करा म्हणालो, आणि लगेच बजावलं, पाणी थुंकून टाकायचं.

विचारायची ही रीत मला उशिरा आली. सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंच्या पर्समधून भस्माची डबी निघाली तेव्हा मी खूप बोललो होतो. त्या परत आल्या नाहीत. डबी सुटली असेल असं मला वाटत नाही. सुटला तो दवाखाना. आता मी "बाहेरचं काही घेता का?" असं विचारतच नाही. 'बाहेरचं' म्हटलं की माणूस आरोपी होतो. "अजून काय घेता?" म्हटलं की पिशवी उघडते, फक्त तीन-चारदा विचारावं लागतं.

बारा वाजून गेले

आत आली ती सातव्या महिन्याची बाई. डोळे हळदीसारखे, गळ्यात बारीक काड्यांची माळ. सोबत नवरा आणि सासूबाई. आठ दिवसांपासून कावीळ. मधे एकानं चुन्याच्या पाण्यात हात धुऊन 'उतरवली', पाणी पिवळं झालेलं सगळ्यांनी पाहिलं. हाताला आधी झाडाच्या सालीचा रस चोळला, की तो चुन्यात पिवळा पडतो. माळेचंही असंच. काड्या वाळून बारीक होतात, सैल गाठी सरकतात, माळ लांबते. माळ खाली आली म्हणजे कावीळ उतरली.

सासूबाई म्हणाल्या, "काविळीला इंग्रजी औषध चालत नाही." त्या पूर्ण चुकीच्या नाहीत, हीच तर अडचण. दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, तिच्यासाठी नेमकी अशी गोळी नेहमी लागत नाही, आणि भलत्या गोळ्या यकृताला त्रासच देतात. म्हणून माळवाल्याचा हात दहातल्या नऊ वेळा गुणकारी ठरतो. दहावी ही. दूषित पाण्यातूनच येणारा हिपॅटायटिस ई गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाला, तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

ती बाई माझ्या प्रश्नांना उशिरा उत्तर देत होती. झोपेत असल्यासारखी. माझ्या दोन्ही खणांत तिच्यासाठी काही नव्हतं. चिठ्ठी लिहिली, नवऱ्याला म्हणालो, जेवायला घरी जाऊ नका, रिक्षा करून सरळ घाटी गाठा. 1956पासूनच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, पण मराठवाड्यात त्याला घाटी याशिवाय नाव नाही. माळेबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

दुपारी अडीच

डबा. होमिओपॅथ मित्राचा फोन. 2014च्या कायदादुरुस्तीनंतर त्यानं आधुनिक औषधांचा एक वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स केला. 2025मध्ये अशांची वैद्यक परिषदेकडे नोंद करायचं निघालं तेव्हा ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी सप्टेंबरात एक दिवस संप केला. तो चिडलेला असतो, मी ऐकतो. दोन्हीकडचे वकील पेशंटच्या हिताबद्दल बोलतात. खिशातल्या काड्यांबद्दल कोणी बोलत नाही.

साडेपाच

एक खाला, गुडघ्यांसाठी. चेहरा गोल, दंडावर निळे डाग, शुगर अडीचशेच्या वर. दीड वर्षापासून बाजारातून पुड्या आणतात.

"दवा नै है साब, जडीबूटी है."

"कितने देर में आराम होता?"

"आधे घंटे में. पर दो दिन नै खाए तो उठनेच नै होता."

अर्ध्या तासात गुडघा उतरवणारं मूळ आमच्या कुठल्याच ग्रंथात नाही. तपकिरी चूर्णात स्टिरॉइड मिसळलेलं असणार, असा माझा दाट संशय. लोक घाबरून आलेले असतात तेव्हा 'आजपासून बंद' म्हणायचा मोह होतो, आणि तेच धोक्याचं. बाहेरून मिळतंय म्हणून शरीरानं स्वतःचं बनवणं थांबवलेलं असतं. एकदम तोडलं तर बीपी कोसळू शकतं. फिजिशियनना फोन लावला. त्यांनी प्रेडनिसोलोनचा मोजका डोस सांगितला, उद्या तेच तपासून तो हळूहळू उतरवतील. पुडीतलं स्टिरॉइड सोडवायला चिठ्ठीवरचं स्टिरॉइड. खालांना ते पटलं नाही, पण पुड्या माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.

रात्री साडेनऊ

शटर ओढताना काविळीच्या बाईच्या नवऱ्याचा फोन. ॲडमिट केलंय, सलाईन चालू आहे, रक्त तपासायला गेलंय. बायको हाकेला डोळे उघडते. मग आवाज खाली आणून म्हणाला, "डॉक्टर, इथं माळ काढा म्हणत्यात, आई काढू देईना. काय करू?"

"सुई-नळीच्या आड येत असेल तर काढून उशाशी ठेवा. आईंच्या डोळ्यांसमोर."

"बरं." थोडं थांबून म्हणाला, "माळ पोटापर्यंत आलीय, डॉक्टर."

"आणि बिलिरुबिन?"

"त्येचा कागद अजून यायचाय."