पाटा तुटला तर माल आधी उतरवा
ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ साली बंद झाले, तरी आमची जुनी गाडी कापडाचे तागे वाहतेच आहे. धुळे-पारोळा महामार्गावर तिचा मागचा पाटा अचानक तुटला आणि गाडी एका अंगाला बसली. अशा वेळी जोरात ब्रेक मारू नये. स्टेअरिंग घट्ट धरून वेग कमी करत गाडी कडेला घ्यावी. मुख्य पाटा तुटला की ॲक्सल सरकतो, चाक बॉडीला घासते. म्हणून आम्ही माल टेम्पोत भरला आणि गाडी उचलून नेली. मिस्त्रीने दोन्ही बाजूंचे पाटे बदलले. एकच बदलला तर गाडी तिरकी राहते. व्यापारी बंधूंनो, बुडालेला बाजार पुढच्या आठवड्यात भरून निघतो, गेलेला जीव नाही. माल भरण्याआधी पाटे व यू-बोल्ट तपासून घ्या.