अंकाईच्या चढावरची आग

कोपरगावापाशी गोदावरी ओलांडली, की दौंड–मनमाड या मार्गावरील गाडीस अंकाई-टंकाईच्या डोंगराकडे चढत जावे लागते. आणि रेल्वेच्या दप्तरातून रीतसर परवाना मिळून त्या चढावर डब्ल्यूपी जातीच्या इंजिनाच्या फूटप्लेटवर उभे राहण्याचा योग आला, तेव्हा इंजिन चालवितो तो ड्रायव्हर आणि फायरमन म्हणजे केवळ कोळसा लोटणारा धट्टाकट्टा गडी, ही सार्वत्रिक समजूत किती अन्यायाची आहे, ते मला समक्ष पाहावयास मिळाले.

अमेरिकेतील बाल्डविन कारखान्यातून १९४७ साली प्रथम आलेल्या या जातीच्या इंजिनात भट्टीच्या जाळीचे क्षेत्रफळ ४६ चौरस फूट आणि वाफेचा दाब चौरस इंचास २१० पौंड. आणि हा सारा विस्तार पोसायचा तो हातातल्या फावड्याने. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत थर जाड, कडांना बेताचा आणि पुढे नळ्यांकडे पातळ, अशी आगीची मांडणी असते. कारण आग जेथे विरळ होते तेथून थंड हवा आत घुसून दाब उतरवते. म्हणून फावडे दारातून आत जाताच मनगटाला जी सूक्ष्म मुरड दिली जाते, तिच्यावरच कोळसा कोठे पडावा हे ठरते. फायरमन चार-दोन फावडी टाकून थांबे, दार मिटी, धुराड्याकडे पाही. धूर काळाकुट्ट निघाला तर कोळसा न जळता वाया चालला, फिकट करडा निघाला तर आग मनासारखी लागली, हा त्याचा ताळेबंद.

परंतु टाकलेल्या कोळशाची वाफ तत्काळ होत नाही. चढाची तजवीज चढ लागण्यापूर्वीच करावी लागते. पुढे सिलिंडरांकडे वाफ सोडणारा रेग्युलेटर उघडला, की सिलिंडरांतून सुटलेली वाफच धुराड्यातून वेगाने बाहेर पडताना हवेला भट्टीतून ओढून घेते आणि श्रम जितके अधिक तितकी आग अधिक प्रखर होते. यंत्ररचनेतील ही स्वयंनियमनाची योजना मला अत्यंत सुंदर वाटते.

खरी कसोटी माथ्यावर होती. गोदावरी आणि गिरणा यांच्या खोऱ्यांना विभागणाऱ्या त्या उंचवट्याकडे चढताना बॉयलरचे पुढील टोक वर असते, त्यामुळे पाणी मागे भट्टीकडे जमून पातळी दाखविणाऱ्या काचनळीत मुबलक दिसते. मात्र इंजिन उताराला लागले, की तेच पाणी पुढे धावते आणि भट्टीच्या छतावरील आवरण उथळ होते. छत कोरडे पडले, तर त्यात बसविलेले शिशाचे बूच वितळून वाफ आगीवर कोसळते. आणि ती सूचनाही निष्फळ ठरली, तर तापून मऊ पडलेला धातू वाफेच्या दाबाखाली फाटून अनर्थ ओढवतो. उलट पाणी वाजवीपेक्षा अधिक घेतले, तर दाब घसरतो आणि पाणी वाफेबरोबर सिलिंडरांत शिरते.

“पाणी किती?” ड्रायव्हरने रुळावरची नजर न काढता विचारले.

“पाऊण काच, दादा. अजून घेतो.”

माथा दृष्टीस पडण्याच्या कितीतरी आधीच, आग ऐन भरात असताना, फायरमनने बॉयलरमध्ये पाणी भरणारा इंजेक्टर सुरू केला होता. उतार लागताच काचेतले पाणी झरझर खाली आले आणि अर्ध्यावर ठरले. ड्रायव्हरने रेग्युलेटर मिटला, फायरमनने धुराड्यात वाफ सोडून हवा ओढणारा ब्लोअर उघडून ज्वाळा दारातून बाहेर येऊ दिल्या नाहीत, आणि मनमाडच्या सिग्नलपर्यंत त्याने पुन्हा फावड्याला हात लावला नाही; जाळीवर उरलेली आग फलाटापर्यंतच्या वाटचालीस पुरेशी होती.